घर, बांधी, मोह आणि रान : जंगलपट्ट्यातील गावाची मालमत्ता

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यातील गावात मालमत्ता एकाच प्रकारची नसते. घर आणि त्यामागची वाडी कुटुंबाची असते. धानाची बांधीही कुटुंबाच्याच नावावर असते, पण पीक निघाल्यावर तिच्यात सगळ्या गावाची गुरे चरतात. मोहाचे झाड सरकारी जंगलात उभे असले, तरी त्याखालची फुले कोणी वेचायची हे गावातच ठरलेले असते. तलाव शासनाच्या मालकीचा, पाणी खालच्या शेतकऱ्यांचे आणि मासळी ढिवरांच्या संस्थेची. जंगल कागदोपत्री वनविभागाचे, आणि त्याच्या पोटातले लोखंड किंवा कोळसा पुन्हा शासनाचा. एकाच शिवारावर हक्कांचे असे अनेक थर चढलेले आहेत. सातबाऱ्यावर त्यांतला एकच थर नीट दिसतो. उरलेले रिवाजात, जुन्या निस्तार पत्रकांत आणि अलीकडच्या वनहक्क पट्ट्यांत विखुरलेले आहेत.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाखाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत होती आणि तिच्यात ३८ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. धानोरा, कोरची, कुरखेडा या उत्तरेकडील तालुक्यांत गोंड, हलबा आणि कवर, तर भामरागड आणि एटापल्लीकडे माडिया यांची वस्ती मोठी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडांबरोबर परधान आणि राजुरा-जिवती भागात कोलाम आढळतात. कुणबी, ढिवर, दलित, गोवारी आणि मुलचेरा-चामोर्शी भागात वसवलेली बंगाली निर्वासित कुटुंबेही याच पट्ट्यात राहतात.

घर आणि वाडी

जुन्या पद्धतीचे घर कुडाच्या भिंतींचे असते. बांबूच्या ताट्यांवर माती लिंपून भिंत उभी होते आणि वर कवेलूंचे छप्पर येते. अंगणाच्या कडेला गुरांचा कोठा, घरात धान साठवायची बांबूची ढोली आणि मागे कुंपण घातलेली वाडी असते. वाडीत मका, वाल, दुधी, मिरची, तंबाखू लावतात. गावठाणातील ही जागा कुटुंबाची मानली जाते आणि तिच्यावर बाहेरचा कोणी हक्क सांगत नाही. मात्र बांबू, लाकूड आणि माती हे घराचे सगळे साहित्य जंगलातून किंवा गावाच्या सामायिक जागेतून येते. त्यामुळे घर खाजगी असले, तरी ते उभे करण्याचा आणि दर काही वर्षांनी शाकारण्याचा आधार सामायिकच असतो.

गुरे, शेळ्या, कोंबड्या आणि डुकरे ही घराची चल संपत्ती. माडियांमध्ये गाय दुधासाठी पाळण्याची परंपरा नव्हती. बैल नांगरासाठी आणि जनावर सण-समारंभासाठी असे. गावाची गुरे सकाळी आखरावर जमतात. तिथून ढोरकी ती रानात नेतो आणि त्याची मजुरी घरागणिक धान्यात किंवा पैशांत दिली जाते. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी देज देण्याची गोंडांची रीत आहे. देज देण्याची ऐपत नसेल, तर मुलगा घरजावई म्हणून राहून सासऱ्याच्या शेतात राबतो.

बांधी आणि तलाव

या भागाचे मुख्य पीक धान. उताराच्या जमिनीवर मातीचे बांध घालून पाणी अडवतात. अशा प्रत्येक चौकोनाला बांधी म्हणतात. कुठे बी फेकून आवत्या पद्धतीने पेरणी होते, कुठे परे टाकून रोवणी केली जाते. धान निघाल्यावर ओलाव्यावर लाखोळी किंवा जवस घेतात. रोवणीच्या दिवसांत माणूसबळ एकदम लागते, म्हणून शेजारची घरे आळीपाळीने एकमेकांच्या बांध्यांत उतरतात. दक्षिणेकडील डोंगराळ भागात माडिया पूर्वी पेंडा शेती करत. जंगलाचा तुकडा तोडून-जाळून त्यावर कुटकी-कोसरीसारखी धान्ये घेत आणि काही वर्षांनी तो पडीक टाकून दुसरीकडे जात. या पद्धतीत शेताचा तुकडा एका घराच्या नावावर कायमचा राहत नसे. कसेल तोवर त्याचा आणि सोडल्यावर गावाचा, असा नियम होता. वनकायद्यांमुळे पेंडा जवळपास बंद झाला आणि स्थिर बांधी आली. तिच्याबरोबर मोजणी, सीमा आणि खाते याही गोष्टी माडियांच्या जीवनात आल्या.

धानाला लागणारे पाणी तलावांतून आणि त्याहून लहान अशा बोड्यांतून येते. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन इनाम द्यावी, अशी पद्धत होती. चंद्रपूर परिसरातील तुकुम नावाच्या जागा या दानांची आठवण देतात. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या पट्ट्यात कोहळी समाजाने तलाव बांधण्याचे कसब जपले. इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांकडे राहिले, म्हणून आज ते माजी मालगुजारी तलाव, बोलीत मामा तलाव, या नावाने ओळखले जातात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारी गेल्यावर ते शासनाकडे आले. पाळीची डागडुजी मालगुजार गावाकडून करून घेत असे, ती जबाबदारी आता नेमकी कोणाची हे अस्पष्ट राहिले आणि अनेक तलाव गाळाने भरले. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थांना मिळतो. पाणी किती दिवस ठेवायचे यावरून शेतकरी आणि मासेमार यांच्यात दरवर्षी तडजोड करावी लागते.

मोह, तेंदू, बांबू

मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा स्वच्छ केली जाते आणि पहाटे गळलेली फुले बायका-मुले वेचतात. वाळलेला मोह घरात खाल्ला जातो, देवकार्याला लागतो आणि बाजारात विकला जातो. अनेक गावांत जंगलातील मोहाची झाडे घराघरांत वाटलेली असतात. झाड कोणत्या घराचे हे सर्वांना ठाऊक असते आणि हा वाटा बापाकडून मुलाकडे जातो. अशा झाडाची नोंद कोणत्याही महसुली कागदावर नसते. तरीही त्याखालची फुले दुसऱ्याने उचलली, तर गावाची पंचायत बसते. चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक आणि मोहाच्या बिया म्हणजे टोरी यांच्यासाठी नियम सैल असतात. जो आधी पोहोचेल त्याचे.

तेंदूपानाचे तसे नाही. मे महिन्यातला हा हंगाम रोकड पैशाचा असतो आणि त्यावर शासनाने लवकरच हात ठेवला. १९६९ च्या कायद्याने गौण वनोपजाच्या व्यापाराचे नियमन शासनाकडे गेले. जंगल युनिटांत विभागून लिलाव व्हायचा आणि ठेकेदार गावात फळी लावायचा. घरची माणसे पहाटे पाने तोडून आणतात, सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतात. पाने तोडणाऱ्याला मजुरी मिळे, पण पानांची किंमत शासन आणि ठेकेदार यांच्यात ठरत असे. बांबूची स्थिती याहून टोकाची होती. भारतीय वन अधिनियमाने बांबूला झाडात गणले आणि या जिल्ह्यांतील बांबू दीर्घकाळ बल्लारपूरच्या कागद कारखान्याला सवलतीने मिळत राहिला. गावकऱ्याला मात्र टोपली विणायला बांबू हवा असला, तर परवानगी लागे.

जंगल सरकारी कसे झाले

मराठ्यांच्या आणि त्याआधी गोंडांच्या राजवटीत या भागाचा कारभार जमीनदारांमार्फत चाले. त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाल्यावर इंग्रजांनी सारावसुलीसाठी गावप्रमुखांना मालगुजार म्हणून मालकी दिली. गावाच्या पडीक जमिनीवर आणि झाडांवरही त्यामुळे मालगुजाराचा हक्क आला. दुसरीकडे १८७८ आणि नंतर १९२७ च्या वन अधिनियमांनी मोठी जंगले राखीव आणि संरक्षित ठरवली. गावकऱ्यांना जळण, कुंपणाचे लाकूड, चराई आणि घरबांधणीचे साहित्य घेण्याची जी मुभा उरली, तिला निस्तार म्हणतात.

३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रदेशात मालगुजारी आणि जमीनदारी संपली. हे जिल्हे तेव्हा त्या राज्यात होते. कसणाऱ्याला जमीन मिळाली, पण मालगुजारांच्या ताब्यातील रान, तलाव आणि पडीक जमीन गावाकडे न येता शासनाकडे गेली. निस्ताराचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्ज या दप्तरात नोंदवले गेले. कोणत्या गावाने कोणत्या रानातून काय आणावे, गुरे कोणत्या वाटेने न्यावीत, इतका तपशील त्यांत आहे. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यानंतर या नोंदींकडे दुर्लक्ष झाले, तरी पुढे वनहक्काचे दावे करताना त्याच पुरावा म्हणून कामी आल्या.

झुडपी जंगल हा याच काळाचा वारसा आहे. महसुली दप्तरात खुरट्या झाडोऱ्याची, गुरेचराईची म्हणून नोंदलेली ही जमीन पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत पसरली आहे आणि तिच्यावर शाळा, वस्त्या, स्मशाने, शेते उभी आहेत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानावी असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेली वाटपे नियमित करण्यासाठी राज्याने केंद्राची मान्यता घ्यावी, असा मार्गही त्यात ठेवला आहे.

गावात निर्णय कोण घेते

गोंड आणि माडिया गावात जमिनीचा पहिला मान गाव वसवणाऱ्या कुळाकडे असतो. गायता किंवा भूमिया हा त्या कुळातला माणूस गावदेवाची पूजा करतो. पेरणीपूर्वीचा बिजा पंडुम आणि नवे धान्य खाण्याचा विधी त्याच्याशिवाय होत नाही. नव्या घराला वस्ती करायची असेल, तर आधी त्याची आणि गावाची संमती घ्यावी लागते. अनेक गावांचा मिळून पारंपरिक इलाका असतो आणि एका गावात न मिटलेला तंटा इलाक्यापुढे जातो. गोटूल ही तरुणांच्या एकत्र येण्याची आणि गावाच्या बैठकीची जागा. ती कोणा एकाची नसते आणि तिची देखभाल सगळे गाव करते.

वारसा रिवाजाने चालतो. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे शेती साधारणपणे मुलांमध्ये वाटली जाते. लग्न झालेल्या मुलीला बापाच्या बांधीत वाटा मिळत नसे. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात वेगळी भूमिका घेतली. स्त्रियांना वगळणारा रिवाज सिद्ध झालेला नसेल, तर त्यांना वाटा नाकारणे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले. सीमेपलीकडच्या गोंडांबाबतचा हा निर्णय गडचिरोलीतील घरांनाही लागू पडणारा आहे.

जमीन बाहेरच्यांच्या हाती जाऊ नये, यासाठी स्वतंत्र कायदे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी मूळ आदिवासी मालकाला परत देण्याची तरतूद नंतरच्या कायद्याने केली. त्याची अंमलबजावणी १ नोव्हेंबर १९७५ पासून सुरू झाली.

वनहक्क : घराचा आणि गावाचा

२००६ च्या वनहक्क कायद्याने जुन्या गुंत्याला दोन पातळ्यांवर हात घातला. पहिली पातळी वैयक्तिक. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला, आणि तीन पिढ्यांचा रहिवास दाखवणाऱ्या इतर पारंपरिक वननिवासीला, चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. हा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धान विकताना किंवा पीककर्ज मागताना सातबारा विचारला जातो. पट्ट्याची नोंद तिथे मान्य करून घेणे हा अनेक गावांचा पुढचा खटाटोप ठरला.

दुसरी पातळी सामूहिक. गाव परंपरेने ज्या जंगलाचा वापर आणि राखण करत आले, त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला मिळतो आणि बांबू, तेंदूसह गौण वनोपजाची मालकीही तिच्याकडे येते. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा ही दोन गावे होती. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील हक्क मान्य झाला.

मेंढ्याची तयारी त्याआधी दोन दशकांची होती. इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्धच्या १९८० च्या दशकातील आंदोलनातून देवाजी तोफा आणि गावातील इतर तरुण पुढे आले. 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावात अभ्यासगट सुरू झाले. निर्णय बहुमताने घ्यायचे नाहीत, सर्वसहमती होईपर्यंत चर्चा करायची, हा नियम ठरला. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार असले तरी आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा याच गावाची. कायदा हातात आला तेव्हा ठराव लिहिणे, नोंदी ठेवणे आणि जंगल राखणे गावाच्या अंगवळणी पडलेले होते.

हक्क मिळूनही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनविभागाकडे होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. तेव्हापासून बांबू तोडायचा किती, विकायचा कोणाला आणि मजुरी काय, हे ग्रामसभा ठरवू लागली. पुढे गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी महाग्रामसभा स्थापून तेंदूचा सौदा एकत्रितपणे करण्याची वाट धरली.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्याच्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००६ हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. या गावाने बांबूवर उत्पन्न उभे केले आणि तेंदूपाने तोडणे बंद केले. पाने चांगली यावीत म्हणून फांद्या छाटतात, आग लावतात आणि त्यात फळे-फुले जातात, हे त्यामागचे कारण. जंगलाचा एक भाग गावाने देवराई म्हणून पूर्णपणे राखून ठेवला. सामायिक मालकी आली की ओरबाडणे वाढेल, या समजाला पाचगावचा अनुभव छेद देतो. मिळकत कोणत्या मार्गाने नको, हेही मालक म्हणूनच ठरवता येते.

मेंढ्याने २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. विनोबा भावे यांच्या चळवळीतून ग्रामदानाची कल्पना आली. उत्तर प्रदेशातील मंगरोठ हे १९५२ मध्ये पहिले ग्रामदानी गाव ठरले. महाराष्ट्राने १९६४ मध्ये त्यासाठी कायदा केला. जमिनीची मालकी ग्रामसभेच्या नावे होते आणि विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढला जातो. उरलेली जमीन पूर्वीच्याच कुटुंबाकडे वारसाहक्काने कसायला राहते, मात्र ती गावाबाहेर विकता येत नाही. मेंढ्यातील जमीनधारकांनी या कायद्याखाली ग्रामदान केले. जंगलाबरोबर शेतीही गावाच्या छत्राखाली आणण्याचा हा निर्णय होता.

हक्कांच्या मर्यादा

जमिनीच्या वरच्या थरांवर गावाचा हक्क मान्य झाला, तरी खालचा थर शासनाचाच राहतो. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि जानेवारीत तिथे जत्रा भरते. तिथल्या लोहखनिजासाठी २००७ मध्ये खाणपट्टा दिला गेला आणि परिसरातील ग्रामसभांनी त्याला विरोध केला. एकाच डोंगरावर देवस्थान, सामूहिक वापर आणि खनिज असे तीन हक्क सांगितले जातात, तेव्हा कायदा अखेर खनिजाला झुकते माप देतो. राजुरा आणि भद्रावती भागात कोळशासाठी गेलेल्या जमिनींना १९५७ चा कोळसा क्षेत्र संपादन कायदा लागू झाला. पैसे आणि नोकरी मिळाली, पण नुकसानभरपाई सातबाऱ्यावरून मोजली गेल्याने आखर, कुरण आणि रानातला वाटा तिच्यात आला नाही.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून गावे हलवताना हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. बोटेझरी आणि कोळसा येथील कुटुंबे २००७ मध्ये भगवानपूरला वसवली गेली. घर आणि शेत यांचा मोबदला ठरवता येतो. मोहाची झाडे, चराईचे रान आणि गावदेवाची जागा यांचा हिशेब कोणत्याही तक्त्यात बसत नाही. जंगलालगत राहिलेल्या गावांत रानडुकरे पीक उद्ध्वस्त करतात, वाघ गुरे मारतो आणि भरपाईसाठी शेतकऱ्याला पुन्हा जमिनीचा कागद दाखवावा लागतो.

हा पेच एकट्या विदर्भाचा नाही. इंडोनेशियातही गावांची जंगले रिवाजाने, म्हणजे तिथल्या 'आदात'ने, सांभाळली जात आणि शासन त्यांना सरकारी वन मानत असे. १६ मे २०१३ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने रिवाजी जंगल हे सरकारी जंगल नव्हे असा निर्णय दिला. तरी प्रत्येक समूहाला आधी स्थानिक प्रशासनाकडून मान्यता आणि मग नकाशा मिळवावा लागतो. गडचिरोलीतील ग्रामसभांना वनहक्क समित्या, उपविभाग आणि जिल्हा अशा पायऱ्या चढाव्या लागतात. दोन्हीकडे हक्क कायद्याने मान्य होतो आणि प्रत्यक्षात येतो तो सीमा आखल्यावर, कागद हाती पडल्यावर.

या गावांतील मालमत्तेचे मोजमाप त्यामुळे एका उताऱ्यावर संपत नाही. सातबारा आणि वनपट्टा कुटुंबाची बाजू सांगतात. सामूहिक वनहक्काचे प्रमाणपत्र, निस्तार पत्रक आणि ग्रामसभेचे ठराव गावाची बाजू सांगतात. मोहाच्या झाडांसारखे काही हक्क अजून कोणत्याच कागदावर नाहीत. मेंढा आणि पाचगाव यांनी दाखवले ते इतकेच की सामायिक हक्क टिकवायला नियमित बैठक, लिहिलेला हिशेब आणि स्वतःवर घातलेले निर्बंध लागतात. जिथे ग्रामसभा हे सातत्याने करते, तिथे कागदाला अर्थ येतो. जिथे ते होत नाही, तिथे हक्क मिळूनही सौदा ठेकेदारच ठरवतो.